चांगल्या दिवशी थांबायचं: केमोनंतरचा थकवा आणि पुन्हा व्यायाम, एक केस

पेशंट म्हणजे ५४ वर्षांच्या एक शिक्षिका, आजाराआधी आठवड्यातून तीन-चारदा पळायला जाणाऱ्या. सेशनमध्ये मी त्यांना ताईच म्हणायचे, इथेही तेच म्हणते, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. डाव्या ब्रेस्टचा कॅन्सर, ऑपरेशनमध्ये काखेतले लिम्फ नोड्सही काढलेले, मग केमो (आधी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड, नंतर पॅक्लिटॅक्सेल), मग रेडिएशन, आणि आता रोजची लेट्रोझोलची (इस्ट्रोजेन कमी करणारी) गोळी. रेडिएशन संपून चार महिने झाले तेव्हा ऑन्कोलॉजिस्टनी त्यांना माझ्याकडे फिजिओला पाठवलं. चिठ्ठीत एवढंच, "थकवा आहे, व्यायाम सुरू करावा." कसा, किती, कुठून सुरू करायचा, काही नाही. हे नेहमीचंच.

ताईंचा पहिला प्रश्न होता, "रिपोर्ट सगळे क्लीन आहेत, मग मी अशी का?" अशी म्हणजे कशी, तर सकाळी उठल्या उठल्याच दमलेल्या, आंघोळ करून आलं की बसावं लागायचं, दुपारी वर्गात वाक्य अर्ध्यात सुटायचं, आणि झोप काढली तरी काही फरक नाही. कॅन्सरच्या थकव्याचं हेच लक्षण आहे, केलेल्या कामाच्या मानाने तो कितीतरी जास्त असतो आणि आराम केला म्हणून जात नाही. ट्रीटमेंट संपल्यावरही तो महिनोन्महिने राहू शकतो, काहींना वर्षानुवर्षं. ० ते १० मध्ये किती विचारलं तर "सात, आणि वाईट दिवशी नऊ." ४ पासून पुढे मध्यम आणि ७ पासून पुढे तीव्र धरतात, म्हणजे प्रकरण किरकोळ नव्हतं.

आता खरी गोम. त्यांनी स्वतःहून व्यायाम सुरू करून पाहिला होता, एकदा नाही, बऱ्याचदा. एखादी सकाळ बरी उगवायची, मग बूट घालून बाहेर, अर्धा तास थोडं चालत थोडं पळत, घरी येऊन एकदम मस्त वाटायचं, त्या दिवशी घरातली साठलेली कामंही उरकायच्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून आडव्या. दोन-तीन दिवस काहीच नाही. मग जरा बरं वाटलं की परत तेच. शेवटी त्यांनी निष्कर्ष काढला की "मला व्यायाम सोसत नाही आता." घरी नवऱ्याचं म्हणणं, शरीराने वर्षभर इतकं सोसलंय, आता आराम कर, पळायला कशाला जातेस. पळण्याच्या ग्रुपमधली मैत्रीण म्हणायची, जरा ढकल स्वतःला, सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं. दोघंही प्रेमानेच सांगत होते आणि दोघांच्या मधे ताई लोंबकळत होत्या.

आरामाने काय होतं ते आधी सांगते कारण नवऱ्याची बाजू सगळ्यांनाच पटते. स्नायू वापरले नाहीत की ते झपाट्याने कमी होतात, हृदय आणि फुप्फुसांची क्षमता उतरते, मग जिना चढणं हेच शरीराला मोठं काम वाटायला लागतं, तेवढ्यानेच दम लागतो, म्हणून अजून आराम. केमोमध्ये हे आधीच झालेलं असतं. म्हणजे त्यांच्या प्रत्येक कोसळण्यानंतरचे ते दोन-तीन दिवस त्यांना थोडं खाली नेत होते, आणि पुढच्या चांगल्या दिवशी मात्र त्या मापाचा अंदाज जुन्या शरीरावरून घेत होत्या, जे शरीर दहा किलोमीटर पळायचं. माझ्या मते अख्ख्या केसचा गाभा हाच होता. वाईट दिवसांचा प्रॉब्लेम सगळ्यांना दिसतो पण घात चांगल्या दिवशी होत होता.

पण व्यायामाला हात लावण्याआधी थोडी छाननी. थकव्याला "केमोमुळे असणारच" म्हणून सोडून देणं हे मला अजिबात आवडत नाही, कारण त्याच्याखाली बऱ्याचदा काहीतरी दुरुस्त करण्यासारखं सापडतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, व्हिटॅमिन डी, साखर, झोप, मूड, दुखणं आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, एवढं तरी बघायलाच हवं. ताईंचं हिमोग्लोबिन १०.४ निघालं आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) कमी, ऑन्कोलॉजिस्टनी लोहाची ट्रीटमेंट सुरू केली. थायरॉइड ठीक. झोपेचा बट्ट्याबोळ होता, रात्री दोन-तीनदा अंगातून वाफा आल्यासारखं होऊन जाग यायची. मूडचं विचारलं तर आधी "ठीक आहे" म्हणाल्या, मग थोड्या वेळाने स्वतःच सांगितलं की चेकअप जवळ आला की आठवडाभर जीव थाऱ्यावर नसतो. काउन्सेलरचा नंबर दिला, त्या गेल्या की नाही ते मी विचारत बसले नाही, नंतर त्यांनीच सांगितलं की जाते आहे.

डॉक्सोरुबिसिन झालेलं म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) मागवला, कारण हे औषध हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं आणि त्याचा दम लागणं आणि थकवा हा साध्या थकव्यासारखाच दिसतो. इको नॉर्मल आला. तरी बसल्या जागी नाडी ९६ होती, केमोनंतर असं बऱ्याच जणांचं असतं, आणि म्हणूनच घड्याळातल्या हार्ट रेटवर व्यायाम बेतायचा नाही असं मी ठरवलं. लेट्रोझोलमुळे हाडं विरळ होतात म्हणून डेक्सा स्कॅनही (हाडांची घनता मोजणारा) झाला, थोडी झीज पण ऑस्टिओपोरोसिस नाही. पॅक्लिटॅक्सेलने दोन्ही पायांची बोटं बधिर, डोळे मिटून उभं राहिल्या की डुलायच्या. म्हणजे अंधारात, खडबडीत रस्त्यावर पळणं हे थकवा नसता तरी मी थांबवलंच असतं.

मग टेस्ट. सहा मिनिटांत सपाट जागेवर किती चालतात ते, ३४० मीटर. आणि ३० सेकंदांत खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठतात. खुर्ची भिंतीला लावली, हात छातीवर फुलीसारखे, आणि स्टॉपवॉच. पहिल्या चार एकदम ताठ आणि चटचट, पळणाऱ्या बाईचा रुबाब, पाचव्याला मांड्या थरथरायला लागल्या, सहाव्याला गुडघे आत वळले, सातव्याला उजवा हात आपोआप सुटून खुर्चीच्या कडेवर गेला आणि त्यांनी तो परत छातीवर आणला, आठवी झाली आणि वेळ संपली. आठ. साठी ओलांडलेल्या धडधाकट बायकांचेही यात बारा तरी होतात. ताई आकडा बघून गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "आणि मी पळायला जात होते." आरामाने की जोर लावून यावरचा त्यांचा घरातला वाद तिथेच संपला असं मला वाटतं, कारण त्या आकड्याने दोन्ही बाजू खोट्या पाडल्या. पाय इतके कमजोर असताना ढकलण्यात अर्थ नाही आणि आरामाने ते पाय परत येणार नाहीत.

प्लॅन काय केला. ताईंना अजिबात त्रास न होता, कुठल्याही दिवशी, किती चालता येतं ते शोधलं तर ते निघालं साधारण दहा मिनिटं. मी सुरुवात केली आठ मिनिटांपासून, दिवसातून दोनदा, आठवड्यात पाच दिवस. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, ० ते १० मध्ये मेहनत ३-४. यावर त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आठ मिनिटं? ती काय चाल झाली?

आणि दोन नियम. एक, मेहनतीचा निकाल त्या दिवशी लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लावायचा. वहीत रोज तीनच आकडे, सकाळचा थकवा, संध्याकाळचा थकवा, आणि चाललेली मिनिटं. दुसऱ्या दिवशीचा थकवा नेहमीपेक्षा दोनपेक्षा जास्त वर गेला नाही तर डोस बरोबर, गेला तर पुढच्या वेळी एक पायरी खाली. सलग आठवडाभर बरोबर बसलं तरच दोन मिनिटं वाढवायची. दुसरा नियम, वर छत आणि खाली जमीन. छत म्हणजे कितीही मस्त वाटलं तरी ठरलेल्या मिनिटांपलीकडे जायचं नाही. जमीन म्हणजे कितीही वाईट दिवस असला तरी शून्य नाही, घरातल्या घरात तीन-चार मिनिटं तरी चालायचं आणि मग खुशाल आडवं व्हायचं. (ताप, उलट्या, असं काही असेल तर अर्थातच शून्य, तो वेगळा विषय, खाली येतो.)

जमिनीचा नियम लोकांना पटकन पटतो. छताचा नाही. दुसऱ्याच आठवड्यात ताईंचा फोन, "आज एकदम पूर्वीसारखं वाटतंय, वीस मिनिटं गेले तर चालेल का?" नाही. "पण खरंच बरं वाटतंय हो." माहितीये, तरी नाही, आठच. थोड्या चिडल्या. पळणाऱ्या माणसाला आयुष्यभर हेच शिकवलेलं असतं की बरं वाटतंय तोवर जा, आणि निरोगी शरीराला ते लागू पडतंही. इथे मात्र बरं वाटणं आणि शरीराची आत्ताची ऐपत यांचा मेळ बसत नाही, बिल एका दिवसाने येतं. त्या दिवशीची उरलेली ताकद खर्च करायचीच असेल तर आवडीच्या बसून करण्याच्या कामात करा म्हटलं, वाचा, कोणाशी तरी गप्पा मारा. तर त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावले, त्याचा मूडला उपयोग झाला असणार, ते काही मी मोजलं नाही.

ताकदीचे व्यायाम तिसऱ्या आठवड्यात घातले, आठवड्यातून दोनदा, मधे दोन दिवसांचं अंतर. खुर्चीवरून उठणं (आधी उशी ठेवून उंची वाढवून), भिंतीवर हात टेकून पुश-अप, टाचा उचलणं, रबर बँडने ओढणं, आणि ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, हे बोटांच्या बधिरपणासाठी. डाव्या हाताबद्दल त्या खूप घाबरलेल्या होत्या. ऑपरेशननंतर कुणीतरी सांगितलेलं की काखेतले नोड्स काढले की त्या हाताने जड उचलायचंच नाही, हाताला सूज येते. पूर्वी सगळीकडे हेच सांगायचे. मग २००९ मध्ये एक मोठी ट्रायल आली, आधीच हाताला सूज असलेल्या बायकांना देखरेखीखाली हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली, तर सूज वाढली नाही, उलट सूज भडकण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी होते. कळीचा शब्द हळूहळू. ताईंच्या हाताला अर्धा किलोपासून सुरुवात केली, दर आठवड्याला दंडाचं माप टेपने घ्यायचो, जड वाटलं, अंगठी घट्ट झाली, लाली आली तर लगेच सांगायचं. बारा आठवड्यांत मापात फरक पडला नाही.

नवऱ्यालाही एका सेशनला बोलावलं. ते शांतपणे सगळं ऐकत होते आणि मग म्हणाले, मॅडम, औषधाने नाही का जाणार हा थकवा, ताकदीची एखादी गोळी? प्रश्न रास्त आहे. २०१७ मध्ये ११३ ट्रायल्स आणि ११ हजारांवर पेशंट एकत्र करून केलेलं एक विश्लेषण आहे, त्यात थकव्यासाठी व्यायाम आणि मानसिक उपचार औषधांपेक्षा स्पष्टपणे पुढे होते. आणि २०१९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या तज्ज्ञगटाने डोसच लिहून दिला, आठवड्यात तीनदा ३० मिनिटं मध्यम मेहनतीचा एरोबिक व्यायाम, किमान १२ आठवडे, सोबत दोनदा ताकदीचा केला तरी चालतो. हा डोस म्हणजे पोचायचं ठिकाण, पहिल्या दिवशीचा नव्हे, हे मी दोघांनाही दोनदा सांगितलं कारण असे आकडे छापून येतात आणि लोक सोमवारी थेट ३० मिनिटांनी सुरू करतात. नवऱ्याला काम दिलं, संध्याकाळची आठ मिनिटं बरोबर चालायची आणि छत पाळायला लावायचं. "आराम कर" म्हणणारा माणूस या कामाला एकदम फिट निघाला.

पाचव्या आठवड्यापर्यंत चौदा मिनिटं दोनदा. मग घसरण. शाळेत पेपर तपासायचे दिवस, त्यात एका रविवारी कपाटं आवरायला काढली, चाल ठरल्याएवढीच पण बाकीचा दिवस उभ्याने. सोमवारी थकवा नऊ, मंगळवारी आठ. फोनवर रडवेल्या, "परत पहिल्यासारखंच झालं." वही उघडायला लावली. पहिल्यासारखं नव्हतं, पूर्वी तीन दिवस पूर्ण आडव्या असायच्या, या वेळी दोन्ही दिवस जमिनीचा नियम पाळला होता आणि बुधवारी सहावर आल्या होत्या. त्या आठवड्यात मिनिटं दहावर आणली, ताकदीचं एक सेशन गाळलं, दुसऱ्या आठवड्यात परत बारा. आणि वहीत एक नवा रकाना, त्या दिवसातली बाकी जड कामं. कपाटं आवरणं, ओझं घेऊन जिने चढणं, दोन तास सलग उभं राहून शिकवणं हे सगळं त्याच खात्यातून जातं, शरीराला व्यायाम वेगळा आणि काम वेगळं असं काही कळत नाही. शाळेत दोन तास बसून शिकवायची परवानगी मागा म्हटलं, मागितली, मिळाली.

मधेच एकदा त्यांनी विचारलं की याने कॅन्सर परत यायचा थांबेल का. हा प्रश्न येतोच, आणि तो आला की मी जपून बोलते. २०२५ मध्ये चॅलेंज नावाच्या ट्रायलचे निकाल आले, कोलनच्या (मोठ्या आतड्याच्या) कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेले ८८९ पेशंट, तीन वर्षं व्यायामाचा प्रोग्रॅम विरुद्ध फक्त माहितीपुस्तिका, तर पाच वर्षांनी आजार परत न येता असलेले ८०.३ टक्के विरुद्ध ७३.९ टक्के. मोठी बातमी आहे. पण ती कोलनची, ताईंचा ब्रेस्टचा, आणि तीन वर्षं प्रशिक्षकाच्या आधाराने केलेला व्यायाम. म्हणून त्यांना सांगितलं की थकवा, ताकद, झोप, सांध्यांचं दुखणं यासाठी आपण हे करतोय आणि त्याचा भरवसा आहे, बाकीचं वचन मी देणार नाही. त्यांना ते चाललं. गोड बोलणारे त्यांनी वर्षभर बरेच पाहिले होते.

बारा आठवड्यांनी परत टेस्ट. सहा मिनिटांत ४२५ मीटर (३० मीटरच्या वरचा फरक साधारण खरा धरतात), खुर्चीवरून १३ वेळा, आणि या वेळी हात सुटला नाही. थकवा सरासरी सातवरून चारवर. चाल एकदम २८ मिनिटं, आठवड्यात चारदा. हिमोग्लोबिन ११.९, म्हणजे सुधारणेतला काही वाटा लोहाचाही, आणि काळाचाही, तो मी व्यायामाच्या नावावर टाकणार नाही. लेट्रोझोलने सकाळी बोटं आणि गुडघे आखडायचे ते कमी झालं. जे सुधारलं नाही तेही सांगते, पायांची बोटं तशीच बधिर, तोल जरा बरा, वर्गात शब्द न सापडणं थोडं कमी पण आहे, आणि दुपारी तीनची पडझड अजून ठाण मांडून बसलीये. तिच्यासाठी वीस मिनिटांची झोप, गजर लावून, एवढाच तोडगा सध्या आहे.

अशा केसमध्ये व्यायाम कधी थांबवायचा ते ताईंना पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. ३८ च्या वर ताप, छातीत दुखणं किंवा धडधड, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळा दम लागणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, हाडात नवीन आणि रात्री वाढणारं दुखणं, असं काही झालं की आधी डॉक्टर. केमो चालू असताना प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी खूप खाली असतील तर किती करायचं ते ऑन्कोलॉजिस्टला विचारून. हाडात पसरलेला आजार असेल तर वजनं आणि पिळाचे व्यायाम कुठले चालतील ते आधी ठरवावं लागतं. आणि अगदी पाच मिनिटांच्या चालीनेसुद्धा दर वेळी माणूस अनेक दिवस कोसळत असेल, डोस कमी करूनही, तर वाढवत जायचा हा हिशोब त्याला लावायचा नाही, तिथे दुसरं काही चाललंय का ते परत तपासायचं.

आता वाद पळण्यावरून चाललाय. ताईंना एका मिनिटाचं पळणं चालीच्या मधे घालायचंय, मला आधी डोळे मिटून दहा सेकंद एका पायावर स्थिर उभं राहिलेलं बघायचंय, सध्या उजवा पाय सातवर आणि डावा चारवर आहे. सपाट ट्रॅक, उजेड आणि बरोबर कुणीतरी असेल तर नऊवरच परवानगी द्या असा त्यांचा नवा प्रस्ताव आलाय, तो मी विचारात घेतलाय.